मोजून दिलेला चटका

खारघरजवळच्या ओवे गावात आयुष्यभर भातशेतीत वाकलेली, साठी ओलांडलेली एखादी आगरी आजी भेटली, तर तिच्या चेहऱ्याआधी तिचा हात पाहावा. मनगटापासून कोपरापर्यंतची बाहेरची कातडी काळवंडलेली, जाडसर आणि बारीक रेघांनी भरलेली असते. चोळीच्या बाहीखाली राहिलेली दंडाची आतली बाजू मात्र मऊ आणि एकसारख्या रंगाची असते. चिमटीत धरली तर थोडी सैल लागते, एवढंच. दोन्ही कातड्यांचं वय एकच आहे. एकीनं ऊन पाहिलं, दुसरीनं पाहिलं नाही.

वयामुळे आलेलं म्हातारपण आणि उन्हामुळे आलेलं म्हातारपण यांतला हा फरक त्वचाविज्ञानात फार मोलाचा मानला जातो. त्याचा सर्वात गाजलेला पुरावा २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. तो म्हणजे ६९ वर्षांच्या एका अमेरिकी ट्रकचालकाचं छायाचित्र. या माणसानं २८ वर्षं मालाची गाडी चालवली होती. चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू खोल सुरकुत्यांनी लोंबत होती आणि उजवी बाजू दहाएक वर्षांनी तरुण वाटावी अशी होती. गाडीची काच ‘यूव्हीबी’ किरण बरेचसे अडवते, पण ‘यूव्हीए’ किरण तिच्यातून आत येतात आणि त्वचेत खोलवर पोचतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. तळोजा एमआयडीसीतून माल घेऊन निघणाऱ्या ट्रकांच्या चालकांचा उन्हाचा गाल त्यामुळे उजवा.

ओव्याचं ऊन आता बरंचसं काचेआडून येतं. १९७० साली सिडको स्थापन झाली, शेतजमिनी संपादित झाल्या, गावाला खेटून खारघरची सेक्टर वाढली, २०१६ साली पनवेल महानगरपालिका आली आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली. आजी चिखलात उभी राहून लावणी करायची, नात लॅपटॉपसमोर बसते आणि आरशात हनुवटीखाली सैल पडलेला गळा न्याहाळते. या नातीसाठी नव्या वस्त्यांमधल्या त्वचेच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘स्किन टाइटनिंग’, ‘हायफू’, ‘आरएफ’, ‘फ्रॅक्शनल लेझर’ हे शब्द आलेले आहेत. सुरी नाही, टाके नाहीत, दुपारच्या सुट्टीत होऊन जाईल, असं सांगितलं जातं.

यंत्रांची नावं कितीही असली तरी त्यांचं काम मुळात एकच आहे. कातडीच्या आत मोजून चटका द्यायचा आणि ती इजा भरून काढताना शरीर जे नवं विणतं त्याचा लाभ घ्यायचा. उपचार आणि इजा यांत फरक पडतो तो मापाचा, म्हणून इथे यंत्रांपेक्षा मापाची चर्चा अधिक आहे.

त्वचेचा वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा आणि तिच्याखालचा जाड थर म्हणजे अंतस्त्वचा. अंतस्त्वचेतलं पाणी काढून टाकलं तर उरलेल्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कोलॅजेन या प्रथिनाचा असतो. कातडीला ताण सोसायची ताकद त्यातून मिळते. ओढून सोडल्यावर जागेवर परतण्याचा गुण इलॅस्टिनचा असतो. प्रौढपणी कोलॅजेन दरवर्षी साधारण १ टक्क्यानं घटतं. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यावर हा उतार एकदम वाढतो आणि पहिल्या पाच वर्षांत जवळपास ३० टक्क्यांपर्यंत कोलॅजेन जाऊ शकतं. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षं आधी. ‘पंचेचाळिशीनंतर चेहरा अचानक उतरला’ या नेहमीच्या तक्रारीमागे हे आकडे आहेत.

कोलॅजेन दिसतं कसं, हे जगाला सांगण्यात एका भारतीय प्रयोगशाळेचा मोठा वाटा होता. १९५२ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रास विद्यापीठात आले असताना त्यांनी तरुण प्राध्यापक जी. एन. रामचंद्रन यांना कोलॅजेनची रचना अजून कुणाला नीट उलगडलेली नाही असं सांगितलं. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था कामाला लागले. चांगला नमुना हवा होता, तो मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून मिळाला. तो होता कांगारूच्या शेपटीचा स्नायुबंध. क्ष-किरणांच्या आकृत्यांवरून १९५४-५५ मध्ये त्यांनी मांडलं की कोलॅजेन म्हणजे एकमेकींभोवती पीळ घेतलेल्या तीन साखळ्या.

हा तिहेरी पीळ उष्णतेनं उलगडतो. साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजनचे बंध ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास सुटायला लागतात आणि धागा जाड होत आखडतो. कातडी कमावणाऱ्यांच्या जगात हे जुनं ज्ञान आहे. चामड्याच्या प्रयोगशाळेत पट्टी पाण्यात बुडवून पाणी तापवत नेतात आणि ती कोणत्या अंशाला आकसते ते नोंदवतात. कच्चं कातडं साठीच्या आसपास आकसतं, तर क्रोमनं कमावलेलं चांगलं चामडं उकळत्या पाण्यातही टिकतं. त्वचेच्या दवाखान्यातलं यंत्र हाच आकडा गाठायला पाहतं. अडचण इतकीच की इथलं कातडं जिवंत आहे, त्याला संवेदना आहेत आणि वरचा थर भाजला तर डाग पडतो.

शिवाय आकडा एकटा पुरत नाही. वेळही मोजावा लागतो. तापमान ५ अंशांनी कमी असेल तर तेवढाच आकस मिळवायला सुमारे दहापट वेळ लागतो. कुणी सेकंदाच्या अंशात ६५ अंश गाठतं, कुणी ४५ अंशांवर बराच वेळ खेळवत राहतं. आणि लगेचचा आकस हा खेळाचा लहान भागच असतो. अर्धवट उलगडलेले धागे शरीराला जखमेसारखे दिसतात, तिथे दाह होतो, फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कामाला लागतात आणि पुढचे तीन ते सहा महिने नवं कोलॅजेन विणत राहतात. खरा परिणाम दिसतो तो या विणकामाचा.

मुद्दाम भाजण्याची कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेत अग्निकर्माचा स्वतंत्र अध्याय आहे. कुठे किती खोल भाजायचं, त्यानुसार साधन बदलायचं असं तिथे सांगितलेलं आहे. त्वचेपुरतं भाजायचं असेल तर पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, बाण किंवा सळई, आणि त्याहून खोल जायचं असेल तर वेगळी साधनं. साधन बदलून खोली बदलायची, हाच तो विचार. याच्या उलट टोकाला मेळघाटातला ‘डंबा’ आहे. तिथे तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापवलेल्या विळ्यानं डागतात. त्या चटक्याला माप नाही, कारण नाही, आणि त्यापायी बाळं दवाखान्यात पोचतात.

चटक्याला आधुनिक काळात बारीक माप लावून देणाऱ्यांतलं एक नाव बारामतीचं आहे. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म २ जुलै १९३८ रोजी बारामतीत झाला. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर जगापुढे आणला. पहिल्या प्रयोगातला झोत क्षीण होता. नळीत नायट्रोजन मिसळल्यावर त्याचं बळ भराभर वाढत गेलं आणि पोलाद कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत तो सगळीकडे पोचला. पटेल यांना १९९६ साली अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. महाराष्ट्राच्या शाळांत मात्र हे नाव क्वचितच कानावर पडतं. ते पाठ्यपुस्तकात असायला हवं होतं.

या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. पाणी ही लहर चटकन शोषून घेतं आणि त्वचेत पाणी भरपूर आहे. त्यामुळे झोत पडताच वरच्या थराची वाफ होते आणि खालच्या थराला नेमका ताप मिळतो. १९९० च्या दशकात सुरकुत्यांसाठी संपूर्ण चेहऱ्याचा वरचा थर या लेझरनं उडवण्याची पद्धत रूढ झाली. परिणाम डोळ्यांत भरण्याजोगे होते, किंमतही तशीच होती. चेहरा आठवडाभर ओला राहायचा, लाली महिनोन्‌महिने टिकायची आणि काहींच्या चेहऱ्यावर वर्षभरानं पांढुरके पट्टे उमटायचे. सावळ्या कातडीवर तर काळे डाग ठरलेले.

२००४ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डीटर मानस्टाइन, रॉक्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी यावर साधा वाटणारा तोडगा मांडला. सगळं भाजू नका, ठिपके भाजा. केसाच्या जाडीएवढ्या उष्णतेच्या खांबांची जाळी पाडायची आणि प्रत्येक दोन खांबांमध्ये निरोगी कातडी शिल्लक ठेवायची. शेजारच्या निरोगी पेशी सरकून येतात आणि वरची जखम फार लवकर झाकली जाते. ‘फ्रॅक्शनल’ हा शब्द इथून आला. बारामतीच्या पटेल यांचा लेझर पुढे या ठिपक्यांच्या रूपात दवाखान्यांत परतला. बारीक सुरकुत्या, उन्हानं खडबडीत झालेली कातडी आणि मुरुमांचे खड्डे यांवर तो आजही दमदार आहे. लोंबणाऱ्या गालांवर त्याचा इलाज तोकडा पडतो, कारण ती अडचण याहून खोल आहे.

गाल लोंबतो तो फक्त कातडीमुळे नाही. वयाबरोबर जबड्याचं आणि डोळ्यांच्या खोबणीचं हाड झिजतं, चरबीच्या गाद्या काही ठिकाणी आटतात तर काही ठिकाणी खाली सरकतात, त्यांना बांधून ठेवणारे बंध सैलावतात. त्या सगळ्याखाली चेहऱ्याच्या स्नायूंना जोडणारा तंतूंचा एक पडदा असतो. १९७६ साली फ्रेंच शल्यविशारद मिट्झ आणि पेरोनी यांनी त्याचं वर्णन केलं. शस्त्रक्रियेनं फेसलिफ्ट करणारे डॉक्टर हाच पडदा ओढून घेतात. त्वचेच्या बाहेरून त्याच्यापर्यंत पोचायचं तर वरचा थर न भाजता खाली उष्णता न्यावी लागते, आणि ते दोन मार्गांनी जमलं.

पहिला मार्ग रेडिओ लहरींचा, म्हणजे पाट्यांवरच्या ‘आरएफ’चा. वीजप्रवाह ऊतींमधून जाताना त्यांच्या रोधामुळे आतून उष्णता निर्माण होते. याच तत्त्वावर चालणारा विद्युत-चाकू बोस्टनच्या शस्त्रक्रियागृहात १९२६ साली, विल्यम बोवी यांच्या यंत्रानं, हार्वे कुशिंग यांच्या हाती आला. चेहऱ्याच्या यंत्रात टोक एकीकडे वरचा थर गार ठेवतं आणि दुसरीकडे खाली ताप सोडतं. २००२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, अशा पहिल्या यंत्राला डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी मान्यता दिली. सुरुवातीच्या काळात डॉक्टर एकाच फेरीत भरपूर ऊर्जा द्यायचे. रुग्ण कण्हायचे, आणि काहींच्या गालात चरबी जळून खळगे पडले. नंतर पद्धत उलटी झाली. ऊर्जा कमी, फेऱ्या जास्त, आणि रुग्णाला ‘किती तापतंय’ असं सतत विचारत राहायचं. म्हणून पूर्ण बधिर करून हा उपचार करणं धोक्याचं ठरतं, कारण रुग्णाचं ‘आई गं’ हेच डॉक्टरचं तापमापक असतं.

दुसरा मार्ग ध्वनीचा. बहिर्वक्र भिंगानं सूर्यकिरण एका बिंदूवर आणून कागद जाळावा, तसा श्राव्यातीत ध्वनी त्वचेखाली एका बिंदूवर आणायचा. वाटेतली कातडी थंडच राहते आणि फक्त त्या बिंदूवर तापमान ६०-७० अंशांवर जातं. यालाच सगळे ‘हायफू’ म्हणतात. वेगवेगळी टोकं १.५, ३ आणि ४.५ मिलिमीटर खोलीवर नेम धरतात. त्यांतलं ४.५ मिलिमीटरचं टोक त्या फ्रेंच शल्यविशारदांच्या पडद्यापर्यंत पोचतं. २००९ साली एफडीएनं असं एक यंत्र भुवया उचलण्यासाठी आणि २०१२ मध्ये हनुवटीखालच्या भागासाठी व गळ्यासाठी मान्य केलं. त्या यंत्रात सोनोग्राफीसारखा पडदा असतो, डॉक्टरला आपण कोणत्या थरावर आहोत ते दिसतं. बाजारातल्या अनेक स्वस्त हायफू यंत्रांना असा पडदाच नसतो. तिथे नेम अंदाजानं धरला जातो. बारीक चणीच्या बाईच्या गालात ४.५ मिलिमीटरवर काय लागेल हे तिच्या चरबीवर ठरतं. तिथे नसही लागू शकते, आणि मग काही आठवडे ओठाचा एक कोपरा खाली उतरत नाही.

आता कौतुकाचे आकडे पाहू. रेडिओ लहरींच्या त्या पहिल्या यंत्राच्या २००३ च्या बहुकेंद्री अभ्यासात ८६ रुग्ण होते. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांत ८० टक्क्यांहून अधिक जणांत काही ना काही सुधारणा दिसली, आणि जवळपास ६२ टक्के भुवया किमान अर्ध्या मिलिमीटरनं वर सरकल्या. ध्वनीच्या यंत्राच्या २०१० च्या अभ्यासात ३५ जण होते. ९० दिवसांनंतर भुवई सरासरी १.७ मिलिमीटर उचललेली होती. दीड-दोन मिलिमीटर म्हणजे थट्टा नव्हे, चेहऱ्यावर तेवढंही जाणवतं. पण ते फेसलिफ्टही नव्हे. जाहिरातीतल्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोत दोन बोटांचा फरक दिसत असेल तर त्यात दिव्याची जागा, हनुवटीचा कोन किंवा वीस किलो वजनाची घट यांपैकी काहीतरी नक्की बदललेलं असतं.

वजनाचा विषय निघालाच आहे तर एक नवी गर्दीही नोंदवायला हवी. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात अधिकृतपणे आली. भराभर चरबी उतरली की गालांतली गादीही जाते आणि कातडी रिकामी लोंबते. अशा चेहऱ्याला चटक्यापेक्षा भराव जास्त लागतो, आणि वजन स्थिर होईपर्यंत थांबलेलं बरं.

गळा हा चेहऱ्याचाच पुढचा भाग समजून त्याला तेच माप लावणं ही सर्वात महागात पडणारी चूक आहे. गळ्याची कातडी पातळ असते. जखम भरून काढणाऱ्या पेशींचा साठा केसांच्या मुळांत आणि तेलग्रंथींत असतो, आणि गळ्यावर त्या दोन्ही चेहऱ्याच्या मानानं फार कमी. चेहऱ्यावर आठवड्यात भरणारी लेझरची जखम गळ्यावर रेंगाळते. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझरनं गळ्यावर व्रण उमटल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. म्हणून जाणते डॉक्टर गळ्यावर ऊर्जाही कमी ठेवतात आणि ठिपकेही विरळ. गळ्यावर उभ्या दिसणाऱ्या दोऱ्या तर कातडीच्या नसतातच, त्या प्लॅटिस्मा या पातळ स्नायूच्या कडा असतात. त्यांना चटका देऊन उपयोग नाही. तिथे बोट्युलिनम टॉक्सिनची सुई कामाला येते. सुरकुत्यांवरचा या औषधाचा उपयोग व्हँकूव्हरच्या जीन आणि अलास्टेअर कॅरथर्स या डॉक्टर दाम्पत्यानं रूढ केला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एफडीएनं गळ्यावरच्या दोऱ्यांसाठीही त्याला मान्यता दिली. ते कातडी आवळत नाही, स्नायू ढिला सोडतं. दुहेरी हनुवटीत मूळ दोष चरबीचा असेल तर तिसराच उपाय लागतो. धाग्यांचा ‘थ्रेड लिफ्ट’ शस्त्रक्रियेच्या जवळ जाणारा म्हणून इथे नुसता उल्लेख पुरे. त्यातले विरघळणारे धागे कालांतरानं शरीरात जिरून जातात.

खारघर-पनवेलच्या दवाखान्यात बसलेल्या रुग्णाचा खरा प्रश्न वेगळाच असतो. काळे डाग पडतील का? त्वचेच्या रंगाची जी मोजपट्टी जगभर वापरतात ती हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये गोऱ्या कातडीवरच्या अतिनील किरणांच्या उपचारांसाठी केली होती. सावळ्या आणि काळ्या कातडीचे पाचवा आणि सहावा प्रकार तिला नंतर जोडले गेले. बहुतेक मराठी माणसं चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात. या कातडीला उन्हाविरुद्ध आतूनच संरक्षण असतं आणि सुरकुत्या उशिरा येतात, ही जमेची बाजू. पण कुठलीही इजा झाली की रंगपेशी जास्त रंग तयार करतात. डास चावल्याचा डाग जिथे चार महिने टिकतो, तिथे लेझरचाही टिकणार. रेडिओ लहरी आणि ध्वनी यांना रंगाशी देणंघेणं नाही, म्हणून आपल्याकडे त्यांना झुकतं माप मिळतं, आणि ते योग्य आहे. अर्थात भाजलं तर डाग कशानंही पडतो.

यात एक अडथळा घरातल्या कपाटात असतो. गोरेपणासाठी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टेरॉइडची मलमं. भारतातल्या १२ केंद्रांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या त्वचारोगांच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमं चेहऱ्याला लावत होते. ही मलमं कातडी पातळ करतात, कोलॅजेन मोडतात, बारीक लाल शिरा उघड्या पाडतात. त्या कातडीवर लगेच उष्णतेचा उपचार करणं म्हणजे मोडकळीच्या भिंतीवर हातोडा. आधी मलम सोडवावं लागतं आणि त्यालाच काही महिने जातात.

सुया आणि रेडिओ लहरी एकत्र आणणारं ‘मायक्रोनीडलिंग आरएफ’ सध्या जोरात आहे. सुया त्वचेत शिरतात आणि टोकाशी ताप सोडतात, त्यामुळे वरचा थर बराच वाचतो आणि सावळ्या कातडीला हे मानवतं. तरी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफडीएनं या यंत्रांबद्दल इशारा काढला. भाजणं, व्रण, चरबी जाणं, चेहरा विद्रूप होणं, नसांना इजा अशा तक्रारी तिच्याकडे आल्या होत्या. हा वैद्यकीय उपचार आहे, घरी करायचा सौंदर्यप्रयोग नव्हे, असं तिनं स्पष्ट म्हटलं.

आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं २०२० पासून औषधांच्या कायद्याखाली आली. यंत्र कायद्यात बसलं तरी ते धरणारा हात बसतोच असं नाही. सलूनमधल्या प्रशिक्षण न घेतलेल्या हातातही हायफूचं टोक दिसतं. डॉक्टर त्वचाविज्ञानातला पदव्युत्तर आहे का, महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदलेला आहे का, हे विचारण्यात संकोच नको. उपचार डॉक्टर स्वतः करणार की मदतनीस, हेही विचारावं. यंत्राचं नाव आणि टोकाची खोली चिठ्ठीवर लिहून मागावी. पेसमेकर असेल तर रेडिओ लहरींचा विषयच नको. गरोदरपण, केलॉइड होण्याची प्रवृत्ती, आटोक्यात नसलेला मधुमेह, ओठावर वारंवार येणारी नागीण हे सगळं आधी सांगायचं. ‘पॅकेज’चे सगळे पैसे पहिल्याच दिवशी भरायचे नाहीत. एक सिटिंग झालं की पहिल्या आठवड्यात सूज असते आणि तिच्यामुळे चेहरा भरलेला, ताणलेला वाटतो. त्या भरात पुढची तीन सिटिंग आरक्षित करणारे पुष्कळ. निकाल पाहायचा तो तीन महिन्यांनी, त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली काढलेल्या फोटोत.

आणि दवाखान्याच्या आधीचा एक स्वस्त उपाय राहून जातो. १९८६ साली फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी सहकाऱ्यांसह दाखवलं की ट्रेटिनॉइनचं मलम उन्हानं म्हातारी झालेली कातडी काही अंशी सुधारतं. होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवरच्या प्रयोगांमुळे क्लिगमन यांचं नाव काळवंडलेलंही आहे, तरी मलमाचा गुण पुढच्या अभ्यासांनी पक्का केला. ते रात्री, थोडं थोडं, डॉक्टरच्या सल्ल्यानं लावायचं. गरोदरपणात ते टाळतात.

सनस्क्रीनबद्दलचा पुरावा त्याहून भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, उरलेल्यांना मनाला येईल तेव्हा. २०१३ साली निकाल छापून आला. रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण २४ टक्क्यांनी कमी होतं. सावळ्या कातडीला डाग पाडण्यात दिसणाऱ्या प्रकाशाचाही हात असतो, म्हणून आपल्यासाठी लोहाची ऑक्साइडं घातलेलं, किंचित रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन बरं. बऱ्याच जणी ते लावताना जबड्याच्या रेषेवर थांबतात आणि गळा तसाच सोडतात. नॅम्बोरच्या त्या गटाला ते रोज सकाळी डोकं, मान, दंड आणि हात या सगळ्यांवर लावायला सांगितलं होतं.